नाशिकला पहिल्यांदाच वायनऱ्या बघायला जातोय, कुठल्या निवडाव्यात?

ठाणेकरीण

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक शनिवार-रविवार जमवलाय. मी, नवरा, नणंद आणि तिचे यजमान असे चौघं ठाण्याहून आमच्याच गाडीने नाशिकला जाणार. वाइन आमच्यात कुणालाच कळत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला कुणीतरी बाटली देतं, ती महिनाभर फ्रीजच्या दारात उभी राहते आणि शेवटी पास्त्यात जाते, इतपतच ओळख. नणंद तर घेतच नाही. पण वाइन बनते कशी ते बघायचंय, बागेत फिरायचंय आणि चार प्रकार चाखून आपल्याला नक्की काय आवडतं ते तरी ठरवायचंय.

नवऱ्याने यादी केली आहे: सुला, यॉर्क, सोमा, शांदों, ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोने, रेव्हेलो. त्याच्या मते पहाटे निघालं तर दोन दिवसांत सातही होतील. मला ते पटत नाही, पण घरात नुसतं 'पटत नाही' चालत नाही, कारणं लागतात. तर यातल्या कुठल्या ठेवू, कुठल्या गाळू? न पिणाऱ्या माणसाला कंटाळा येतो का? आणि सुलाची खरंच जत्रा झाली आहे का, की लोक उगीच नाकं मुरडतात?

गोदाकाठ

कारणं देतो. यादीतल्या सात जागा चार वेगवेगळ्या दिशांना आहेत, हे नवरोबांनी नकाशा न उघडता यादी केल्यामुळे लक्षात आलेलं दिसत नाही.

सुला, यॉर्क आणि सोमा शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला, गंगापूर-सावरगाव रस्त्यावर. या तिघी एकमेकींपासून गाडीने काही मिनिटांवर आहेत. शांदों दिंडोरीकडे, म्हणजे उत्तरेला. रेव्हेलो निफाडजवळ कुंदेवाडीला, पूर्वेला. आणि ग्रोव्हर झाम्पा (सांजेगाव) व व्हॅलोने (कावनई) या दोन्ही इगतपुरी तालुक्यात, म्हणजे तुम्ही मुंबईहून येताना आधीच लागणार. निफाडहून कावनईला जायचं म्हणजे अख्खं नाशिक ओलांडायचं, द्वारकेच्या चौकातल्या वाहतूककोंडीसकट. ज्यांना द्वारका माहीत आहे ते पुढचं समजून घेतील.

त्यामुळे आधी दिशा निवडा, मग वायनरी. दिवसाला दोन पुरे. तिसरी फार तर जेवायला किंवा सूर्यास्त बघायला. टूर, चाखणं, थोडं बसणं यात एका ठिकाणी अडीच-तीन तास सहज जातात.

आणि तारीख नक्की कुठली? २६ आणि ३० जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे असतो. २६ ला जोडून सुट्टी घेऊन येणारे दरवर्षी वायनरीच्या दारात येऊन कोकम सरबत पितात. निवडणूक असेल तर आणखी दिवस वाढतात, तेही बघून घ्या.

टवाळ

सात वायनऱ्या दोन दिवसांत! अहो, अष्टविनायकालासुद्धा लोक तीन दिवस घेतात.

चिन्मय७८

सुलाबद्दल माझं मत सरळ आहे: जाऊ नका. शनिवारी संध्याकाळी तिथे पार्किंगपासून रांग सुरू होते, प्रत्येक टेबलावर वाढदिवस, सगळीकडे फोटो. वाइनबद्दल बोलायला कुणाला वेळ नसतो. त्यापेक्षा व्हॅलोने किंवा रेव्हेलोला जा. तिथे माणसं कमी, बोलायला निवांत.

सॅनहोजेकर

चिन्मय, निम्मं पटलं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने सुला गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

आज नाशिकला 'वायनरी बघायला' जाता येतं ही कल्पनाच तिथून रुजली. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ मध्ये सॉव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक (व्हाइट वाइनच्या द्राक्षजाती) लावली, आणि पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. त्यांना वाइन बनवायला मदत करणारे केरी डॅम्स्की आमच्या इकडच्या, कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे. २००५ मध्ये त्यांनी लोकांसाठी टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा देशात असं काही नव्हतं. तिथली टूर नवख्यांसाठीच बेतलेली आहे. द्राक्ष आत येतं तिथपासून बाटलीपर्यंत सगळं क्रमाने दाखवतात आणि 'मला काहीच माहीत नाही' म्हणणाऱ्याला कुणी खालून वर बघत नाही.

जत्रा टाळायची युक्ती इथली, वाइनसाठी प्रसिद्ध नापा खोऱ्यात जाणारी मंडळीही वापरतात: मोठ्या, नावाजलेल्या वायनरीत दार उघडताच जायचं आणि जेवणाच्या वेळेला बाहेर पडायचं. दुपारनंतर छोट्या ठिकाणी, आधी वेळ ठरवून. नापात १९९० च्या नियमानंतर सुरू झालेल्या बहुतेक वायनऱ्यांत वेळ ठरवल्याशिवाय आत घेतच नाहीत, त्यामुळे तिथे ही शिस्त आपोआप लागते. नाशिकला ती आपली आपण लावून घ्यावी लागते.

बॅरल_नंबर_बारा

काही वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या एका वायनरीत तळघरात काम केलंय (कुठल्या ते विचारू नका), म्हणून थोडं आतलं लिहितो. लांबण लागेल.

ठाणेकरीणताई, तुम्ही नकळत सगळ्यात चांगला काळ निवडला आहे. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. आपल्याकडे वेलीची दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता फळछाटणी. पावसाळ्यातला माल कुजतो म्हणून तो घ्यायचाच नाही, हिवाळ्याच्या थंड रात्रींत पिकवायचा. त्यामुळे काढणी जानेवारी ते मार्च. या काळात गेलात तर खरोखर चालू असलेली वायनरी दिसेल: क्रेटमधून येणारा माल, देठ वेगळे करणारं यंत्र, दाबयंत्रातून वाहणारा रस, आणि सगळीकडे आंबण्याचा वास. ऑगस्टमध्ये हीच जागा हिरवीगार आणि फोटोला सुंदर असते, पण टाक्या गप्प असतात. बघायला येणाऱ्यांपैकी बरेच जण पावसाळ्यात येतात आणि 'द्राक्षं कुठेत?' विचारतात.

शक्यतो सकाळची टूर घ्या. माल पहाटे, गारव्यात तोडतात, म्हणून सकाळीच क्रेट आत येताना दिसतात.

आता निवडीबद्दल. लोक रेटिंग बघून वायनरी निवडतात. ते रेटिंग नव्वद टक्के पिझ्झा आणि सूर्यास्ताचं असतं. मी तीन गोष्टी बघेन. एक, टूरमध्ये टाक्या आणि बॅरलपर्यंत नेतात का, की काचेपलीकडून दाखवतात. दोन, चाखायला काय देतात: फोनवरच विचारा, 'यात स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, डेझर्ट (गोड) यातलं काय काय असेल?' सगळं एकाच धर्तीचं असेल तर नवख्याला काही कळत नाही. आणि तिसरं, दोन वायनऱ्या एकमेकींसारख्या नसाव्यात. एक मोठी असेल तर दुसरी छोटी घ्या. सुला आणि लगेच तशीच दुसरी मोठी बघितलीत तर दुसऱ्या टूरला तुम्ही फक्त मान डोलवाल, कारण स्टीलची टाकी सगळीकडे स्टीलचीच असते.

आत गेल्यावर हे बघा. व्हाइटसाठी द्राक्षं आधी दाबून रस वेगळा करतात आणि मग थंड टाकीत आंबवतात. रेडमध्ये साली रसातच राहतात, रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो. रोझेला सालींचा सहवास काही तासांचाच. टाकीबाहेरचा बर्फाचा थर किंवा थंड पाण्याचे नळ दिसले तर विचारा, तापमान किती ठेवलंय. व्हाइटला साधारण १२ ते १६ अंश, रेडला त्याहून बरंच जास्त. आपल्या हवेत वाइन बनवण्याचा मोठा खर्च या थंडाव्यावरच होतो. गाईड पाठ केलेलं बोलत असेल तर या प्रश्नाला अडखळतो. जाणकार असेल तर त्याचा चेहरा खुलतो आणि मग तुम्हाला टूरमध्ये नसलेलंही दाखवतो.

शांदोंबद्दल: तिथे मुख्यतः स्पार्कलिंग बनते, आणि ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. बाटली हळूहळू उलटी करत मानेशी गाळ जमवायचा, मान गोठवायची, गाळ उडवून टाकायचा. हे प्रत्यक्ष बघणं भारी आहे. पण वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका, आणि पहिल्या सहलीत एका दिशेचा अर्धा दिवस एकाच प्रकारच्या वाइनला द्यायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी नसता दिला.

गोदाकाठ

बॅरलभाऊ, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. पाहुणे आले की हाच पाठवणार.

मीनलताई

नणंदेच्या बाजूने लिहिते, कारण मीही घेत नाही आणि घरचे वर्षाला एकदा तरी तिकडे ओढून नेतात.

कंटाळा येत नाही, एका अटीवर: टूर घ्यायची, आणि टेस्टिंगच्या वेळी तिने शेजारी मोबाइल घेऊन बसायचं नाही. वास घ्यायला हरकत काय? शेनिन ब्लांकमध्ये पेरू येतो, सॉव्हिन्यों ब्लांकमध्ये हिरवी मिरची आणि कापलेलं गवत, शिराझ या रेडमध्ये मिरे. आमच्यात अचूक वास मीच ओळखते, पिणारे नुसते 'छान आहे' म्हणतात.

आणि एक व्यावहारिक धोका. न पिणाऱ्या माणसाला घरचे लगेच ड्रायव्हर करतात. सगळे मजेत आणि ती बिचारी 'चावी कुठे ठेवलीत' म्हणत फिरतेय, असं करू नका. नाशिकमध्ये दिवसभरासाठी गाडीसकट किंवा नुसता चालक मिळतो, हॉटेलवाले सांगतात. सावरगावच्या रस्त्यावर संध्याकाळी ॲपवरची टॅक्सी मिळेलच असं धरू नका, जाणं होतं, परत येणं अडतं.

ठाणेकरीण

मीनलताई, तुमचा दुसरा परिच्छेद नणंदेला वाचून दाखवला. तिने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. चालक ठरला.

कायद्याचं_बोला

चालकाचं ठरलं ते बरं झालं. 'दोन-तीन घोटच तर आहेत' म्हणणाऱ्यांसाठी: मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाच-सहा नमुने चाखून वर जेवताना एक ग्लास घेतला की ही रेषा ओलांडायला फार काही लागत नाही.

सुरतेची किंवा वापीची मंडळी बरोबर असतील तर बाटल्या गुजरातेत नेऊ नका, तिथे दारूबंदी आहे.

निफाडचा_बागायतदार

रेव्हेलो माझ्या गावाजवळ, म्हणून बोलतो. पण पहिल्या सहलीत ती गाळली तर मला राग येणार नाही. ठाण्याहून येणाऱ्याला निफाड लांबच पडतं. रेव्हेलोवाले इटालियन जाती लावतात, ग्रिलो, नेरो दाव्होला वगैरे, त्यांची चव वेगळी असते. शेनिन आणि शिराझ ओळखीची झाली की मग या, फरक कळेल. आत्ता सगळंच नवीन असताना काय वेगळं आहे हे समजणार नाही.

आमच्याकडची खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं यातला फरक मात्र बागेत नक्की विचारा. खायच्या मालाला मणी फुगवायला जीएचे (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचे) डिपिंग, विरळणी, मग एक्स्पोर्टचा साइज. वाइनचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. तिथे साइजला किंमत नाही, साखर आणि आंबटपणाला आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतात आणि मग तोडायचं ठरतं. एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर रस पातळ पडतो. हे आमच्या वडिलांना पटायला फार वेळ लागला. माल कमी काढायचा म्हणजे काय!

सगळ्या वायनऱ्यांच्या स्वतःच्या बागा पुरत नाहीत. बराच माल आमच्यासारख्या शेतकऱ्यांकडून कराराने जातो. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर खूप जणांनी वाइनची द्राक्षं लावली, विंचूरला वाइन पार्क झालं. मग २००९-१० च्या सुमाराला मागणी बसली आणि कित्येकांनी बागा उपटून पुन्हा थॉमसन ही खायची द्राक्षं लावली. टूरमध्ये हे सांगत नाहीत. विचारलंत तर चांगला माणूस सांगतो.

एक विनंती: ओळीत शिरून घड तोडू नका, तोंडात तर टाकूच नका. फवारणी कधी झाली हे तुम्हाला माहीत नसतं. द्राक्षं तुडवण्याचा जो कार्यक्रम ठेवतात तिथे हौस भागवून घ्या. त्या रसाची वाइन बनत नाही, निश्चिंत राहा.

पुणेरी_पगडी

नाशिक नाशिक काय चाललंय? आमच्या बाजूलाही आहे की. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला, अकलूजजवळ, फ्रातेल्ली. मोहिते-पाटलांची जमीन, इटालियन भागीदार आणि पिएरो मासी हे तस्कनीचे वाइनमेकर. त्यांची सेत्ते चाखली नसेल तर भारतीय रेडबद्दल मत बनवू नका. नारायणगावला तर शामराव चौगुल्यांच्या इंडाजने ऐंशीच्या दशकातच स्पार्कलिंग बनवून परदेशात विकली, ओमर खय्याम नावाने. तेव्हा नाशिकची ओळख खायच्या द्राक्षांचीच होती.

गोदाकाठ

पगडी, इंडाज बंद पडली हो. आणि ताई ठाण्याहून येणार आहेत, अकलूज त्यांना कुठल्या वाटेवर लागतं? तुमचा वेगळा धागा काढा, आम्ही येतो प्रतिसाद द्यायला.

पुणेरी_पगडी

पूर्वसुरींचा उल्लेख करणं गैर आहे का? धागा काढतो. तिथे येताना नम्रपणे या.

चिन्मय७८

सॅनहोजेकर, दार उघडताच जायची कल्पना मान्य. तरी एक गोष्ट सांगतो. यॉर्कबद्दल जुन्या लिखाणात 'छोटी, कौटुंबिक' असं वाचून लोक जातात. गुरनानी कुटुंबाने ती उभी केली हे खरं, पण २०२१ पासून ती सुलाकडे आहे. जागा अजूनही छान आहे, धरणाचं पाणी दिसतं, तिथली रेड मला आवडते. पण बॅरलभाऊंचा 'एक मोठी, एक छोटी' हा नियम लावायचा असेल तर सुला अधिक यॉर्क हे आता एकाच घराचे दोन दरवाजे आहेत. छोटी हवी तर व्हॅलोने.

बॅरल_नंबर_बारा

चिन्मयशी सहमत. यॉर्क संध्याकाळी बसायला ठेवा, तिथे पुन्हा टूर नको. सोमा राहायला चांगली, बघायला नाही घेतली तरी चालेल.

इगतपुरीच्या बाजूबद्दल थोडं. ग्रोव्हर मूळचे बंगळूरजवळच्या नंदी हिल्सचे, १९८८ पासूनचे. २०१२ मध्ये ते सांजेगावच्या वायनरीशी एकत्र आले आणि ग्रोव्हर झाम्पा झालं. झाम्पा नावाने येणारी स्पार्कलिंग सांजेगावची. म्हणजे शांदों गाळली तरी बाटलीत आंबवलेली स्पार्कलिंग तुम्हाला इथे भेटेल, आणि तीही घरी जायच्या वाटेवर. व्हॅलोने त्यामानाने लहान. तिथे सगळं आटोपशीर असतं, टाक्या मोजता येतात, आणि नशीब असेल तर वाइन बनवणाराच समोर येतो. काढणीच्या दिवसांत मात्र तो घाईत असतो, म्हणून आधी फोन.

आंबटगोड

मी नाशिकमध्ये वाढले. वाइनचं बाकी सगळे बोलले, मी खाण्याचं बोलते.

नाशिकला आलात की सकाळी मिसळ खाणारच, कुणी अडवू शकत नाही. चुलीवरची मिसळ मिळते ती ठिकाणं गंगापूर रोडच्याच बाजूला आहेत, सुलाच्या वाटेवर. पण तर्री मारून लगेच टेस्टिंगला बसलात तर पुढचा तासभर जिभेला फक्त तिखट कळणार. मिसळ आणि पहिला ग्लास यात दोन-तीन तास जाऊ द्या, नाहीतर त्या दिवशी पोहे खा. पान, गुटखा, मिंटची गोळी, कडक परफ्यूम, सगळं तसंच. परफ्यूमचा त्रास शेजारच्या टेबलालाही होतो.

रिकाम्या पोटी चाखू नका. आणि ते थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ना टेबलावर, ते शोभेचं नाही. आपल्याकडे सगळ्यांना लाज वाटते. सहा नमुने गिळून तिसऱ्या वायनरीत 'सगळ्या सारख्याच लागतात' म्हणणारे खूप बघितलेत.

टवाळ

थुंकायला लाज वाटणारा महाराष्ट्रीय! कुठल्या वॉर्डातला?

ठाणेकरीण

सगळ्यांचे आभार. नवऱ्याशी बसून (त्याला गोदाकाठांचा नकाशा दाखवून) असं ठरवलंय. शनिवारी सकाळी ठाण्याहून सरळ नाशिक. बारापर्यंत सुलाची टूर आणि टेस्टिंग, तिथेच जेवण, चारला यॉर्क, सूर्यास्त, मुक्काम गंगापूर रोडला. रविवारी सावकाश उठून कावनईला व्हॅलोने, मग सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा, आणि इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने घरी. दोन्ही दिवस चालक.

ठीक वाटतंय का? तारीख २६ च्या आठवड्यातली नाही.

गोदाकाठ

वायनऱ्या बरोबर, क्रम उलटा करा.

शनिवारी बारा म्हणजे सुलाला गर्दी भरायला लागण्याची वेळ. ठाण्याहून समृद्धीने इगतपुरी २०२५ पासून खूप जवळ आलंय, तर शनिवारी आधी तिथेच उतरा. दहा-साडेदहाला सांजेगाव, जेवायला व्हॅलोने, संध्याकाळी नाशिक, मुक्काम. मग रविवारी सुलाला पहिली टूर, जेवायच्या आधी बाहेर, यॉर्कला दुपारचं जेवण आणि तीन-साडेतीनला परतीला लागा. सूर्यास्त हुकेल खरा. पण रविवारी रात्री मुंबईकडे जाणाऱ्या गर्दीत अडकण्यापेक्षा बरं. सूर्यास्त फारच हवा असेल तर शनिवारी संध्याकाळी गंगापूर धरणावर जा, फुकट आहे.

नणंदेसाठी: कावनईला कपिलधारा तीर्थ आहे. कुंभमेळ्याचं मूळ स्थान म्हणून मानतात. तुमचं टेस्टिंग चाललेलं असताना तिला तिकडे जाऊन यायचं असेल तर चालक आहेच. वर किल्लाही आहे, पण त्याला वेळ लागतो.

मीनलताई

गोदाकाठ, छान सुचवलंत. पण तिला आधी विचारा हो. न पिणारी म्हणजे देवळातच जाईल असं काही नाही. मला विचारलं तर मी बॅरलच्या खोलीतच थांबेन, उन्हाळ्यातही गार असते.

सॅनहोजेकर

क्रम आता पक्का वाटतोय. चाखतानाचं एक सांगतो. चौघं आहात, पैकी तिघं चाखणार. प्रत्येकाने वेगळा संच घ्या आणि एकमेकांच्या ग्लासातून घोट घ्या, कमी पिऊन जास्त प्रकार कळतात. स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड, आणि गोड वाइन शेवटी. गोड आधी घेतलीत तर नंतरची प्रत्येक आंबट लागेल. आणि मोबाइलवर दोन शब्द लिहून ठेवा, आवडली की नाही एवढंच. 'पीचचा सुगंध, मध्यम शरीर' वगैरे लिहायची गरज नाही.

खरेदी दुसऱ्या दिवशी करा. पहिल्या वायनरीत सगळेच उत्साहाने सहा बाटल्या उचलतात.

बॅरल_नंबर_बारा

खरेदीवरून आठवलं. जे ठाण्याच्या दुकानात मिळतं ते वायनरीतून वाहून नेऊ नका. 'फक्त इथेच मिळतं असं काही आहे का?' हे विचारा. छोट्या बॅचच्या, राखीव किंवा डेझर्ट वाइन बऱ्याचदा तिथेच असतात. बाटल्या डिकीत उन्हात ठेवून गावभर फिरू नका, जानेवारीतही दुपारी बंद गाडी तापते. व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाका, त्या जपून ठेवून सुधारत नाहीत. फ्रीजच्या दारात तर नकोच.

निफाडचा_बागायतदार

आणि लेबलवर काढणीचं वर्ष बघा. बहुतेक लोक किंमत आणि चित्र बघतात.

ठाणेकरीण

क्रम बदलला. दोन्ही दिवसांचं बुकिंग फोनवरून केलं. सांजेगावला विचारलं, 'टाक्यांपर्यंत नेता का?' तर पलीकडचा माणूस म्हणाला, 'तुम्ही कुठून बोलताय, वाइनवाले आहात का?' नवऱ्याला भारी वाटलं.

नणंदेने कपिलधारा आणि बॅरलची खोली दोन्ही सांगितलंय. तिच्या यजमानांना थुंकायच्या भांड्याचं अजून सांगितलेलं नाही.

नवीन_सभासद_मयुरी

चांगला धागा. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात जातोय, बरोबर आठ आणि पाच वर्षांची मुलं आहेत. चालेल का? आणि तोवर काढणी संपते का?

आंबटगोड

मुलं बागेत आणि रेस्टॉरंटमध्ये चालतात, चाखण्याच्या टेबलावर नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१. टूरला नेतात का ते त्या त्या ठिकाणी विचारा, काढणीत यंत्रं चालू असतात, फरशी ओली असते, लहान मुलांना काही ठिकाणी थांबवतात. दिवसाला एकच वायनरी ठेवा आणि दुसरा अर्धा दिवस गंगापूर धरण किंवा पांडवलेणी. पाच वर्षांच्याला दुसऱ्या टाकीलाच भूक लागते.

बॅरल_नंबर_बारा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक रेड आत येत असतात, व्हाइट आटोपलेल्या असतात. फोन करून 'या आठवड्यात कुठली जात तोडताय?' विचारा. उत्तर मिळालं तर तिथेच जा.